खाडीच्या बांधावर कोरड्या माळरानाचे फुलपाखरू: ओळख आणि अधिवासाविषयी विचारणा

मुलुंडवासी यांचा प्रश्न

नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते आणि गेली तीन वर्षे घराच्या आसपास दिसणाऱ्या फुलपाखरांच्या नोंदी ठेवते आहे. आमच्या वसाहतीच्या कुंपणामागे जुन्या मिठागराचा एक बांध आहे. त्याच्या एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला तिवरांची दाटी असून, उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी बांधाच्या पायथ्याला लागते. या बांधावर पुरुषभर उंचीची, फांद्या जमिनीकडे झुकलेली सहा झुडपे आहेत. गेल्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास त्यांपैकी एकाच झुडपाभोवती मला अकरा फुलपाखरे मोजता आली.

फुलपाखरू लहान होते. पंख पसरल्यावर जेमतेम चार सेंटिमीटर भरावे एवढे. पंखांची वरची बाजू गुलाबी पेरूच्या गरासारखी, किंचित केशरीकडे झुकणारी होती, कडेला रुंद काळा काठ होता आणि त्या काठात गुलाबीच रंगाचे ठिपके ओळीने मांडल्यासारखे दिसत होते. बसल्यावर त्याने पंख मिटले की खालची फिकट पिवळसर हिरवी बाजू तेवढी समोर येई आणि ते पानांत इतके मिसळून जाई की, ज्या फांदीवर ते बसताना मी पाहिले होते त्याच फांदीवर मला ते पुन्हा शोधावे लागे. त्याचे उडणे गुडघ्यापासून कमरेपर्यंतच होते. जवळ गेले तरी ही फुलपाखरे लांब निघून जात नव्हती. बांधावर दहा-पंधरा पावलांचा फेरा घेऊन दोन मिनिटांत त्याच झुडपाशी परतत होती.

मार्गदर्शक पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिले असता हे ‘स्मॉल सॅमन अरब’ असावे असे मला वाटते. परंतु पुस्तकात त्याचा अधिवास कोरडी माळराने, काटेरी झुडपांचा प्रदेश आणि सॅव्हाना (उष्ण भागातला गवताळ प्रदेश) असा दिला आहे, आणि इथेच मी अडखळले. ज्या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे, तेही भरतीचे पाणी लागणाऱ्या बांधावर, कोरड्या माळरानाचे फुलपाखरू कसे नांदते? माझी ओळखच चुकली आहे का? विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. ही झुडपे म्हणजे माजलेले रान आहे, ते काढून तिथे शोभेची झाडे लावावीत, असा विषय वसाहतीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे, आणि तिथे मी जे बोलेन ते नेमके असावे अशी माझी इच्छा आहे.

ठाणे-निरीक्षक यांचे उत्तर

ताई, आपली ओळख बरोबर आहे. वर्णन इतके काटेकोर आहे की छायाचित्राची गरज उरलेली नाही. काळ्या काठातले गुलाबी ठिपके आणि मिटलेल्या पंखांचा पिवळसर हिरवा रंग या दोन खुणा पुरेशा आहेत. याच्या नात्यातले ‘लार्ज सॅमन अरब’ आकाराने मोठे, रंगाने अधिक फिके असते आणि त्याचा काळा काठ इतका भरीव नसतो. शिवाय लहान जातीत पंखांच्या मुळाशी, विशेषतः पुढच्या पंखाच्या वरच्या कडेने, राखाडी खवल्यांची भुकटी पडल्यासारखी दिसते. पुढच्या वेळी ते ऊन खात पंख उघडून बसले की ती अवश्य पाहावी. आणखी एक सावधगिरी म्हणजे, या जातीची मादी दोन रूपांत आढळते: एक नरासारखी गुलाबी आणि दुसरी पांढरी. त्यामुळे त्याच झुडपाभोवती काळ्या काठाची पांढरी फुलपाखरे दिसली, तर नोंदवहीत लगेच दुसऱ्या जातीचे नाव लिहू नये. मी स्वतः पहिले वर्षभर ती चूक केली होती आणि त्या नोंदी नंतर बसून दुरुस्त कराव्या लागल्या.

शास्त्रीय नाव कोलोटिस अमाटा. फॅब्रिशियस यांनी १७७५ साली या जातीचे वर्णन केले, आणि पुढे १८१९ साली ह्यूबनर यांनी कोलोटिस हा वंश मांडला तेव्हा त्याची प्रातिनिधिक जात म्हणून हीच जात धरली गेली. या वंशातल्या बहुतेक जाती आफ्रिकेच्या कोरड्या सॅव्हानांमध्ये राहतात. आपल्या बांधावरच्या जातीचा विस्तारही आफ्रिका आणि मादागास्करपासून अरबस्तानमार्गे भारत व श्रीलंकेपर्यंत आहे. पुस्तकात सॅव्हाना असे लिहिले आहे ते चुकीचे नाही. त्या विशाल पट्ट्यात हे फुलपाखरू बहुतेक ठिकाणी तशाच प्रदेशात दिसते.

नावातल्या ‘सॅमन’ शब्दाने आपल्याकडे गोंधळ होतो, कारण मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची पद्धत आहे. इथला संदर्भ थंड समुद्रातल्या खऱ्या सॅमन माशाच्या मांसाच्या रंगाचा आहे. आपण दिलेली गुलाबी पेरूची उपमा मला अधिक जवळची वाटते आणि माझ्या नोंदवहीत मी यापुढे तीच लिहिणार आहे.

तिवरांच्या कडेला हे फुलपाखरू का, याचे उत्तर मात्र झुडपात आहे. झुडपाचे पान आपण हातात घेऊन पाहिले का?

दादरची वनस्पती-अभ्यासक यांचे उत्तर

पान हातात घेण्याची सूचना अगदी योग्य आहे, आणि ते कसे पाहावे हे मी सांगते. पाने फांदीवर समोरासमोर जोडीने आली आहेत का, बोटांत धरल्यावर ती जाड आणि रसदार लागतात का, हे आधी पाहावे. मग एक पान चुरगाळून वास घ्यावा. मोहरी वाटताना नाकात जो झणका बसतो त्याच जातीचा, पण सौम्य वास आला, तर ते झुडूप पीलू आहे असे समजायला हरकत नाही. काही ठिकाणी त्याला खाकण असेही म्हणतात. शास्त्रीय नाव साल्वाडोरा पर्सिका. मोहम्मद अली रोडवर मशिदींबाहेर मिसवाकची जी दातणे विकायला असतात, ती याच झाडाच्या मुळांची आणि फांद्यांची. मुंबईत हे झाड खाडीकाठी, खारफुटीच्या जमिनीकडच्या कडेला, मिठागरांच्या बांधांवर वाढते. ते तिवरासारखे चिखलात उभे राहत नाही, पण खारटपणा सोसते, म्हणून त्याची गणना खारफुटीच्या सोबतिणींत होते.

मोहरीच्या वासाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण फुलपाखराचे सगळे गणित तिथेच आहे. मोहरी, मुळा, कोबी, शेवगा, पपई, वायवर्णा, आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला जिची भाजी करतात ती वाघाटी, आणि हा पीलू या सर्व वनस्पती दिसायला एकमेकींपासून कितीही वेगळ्या असल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच मोठ्या गणातल्या आहेत. त्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात आणि ती फोडणारे विकर (एन्झाइम) शेजारीच, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेले असते. पान अखंड असेपर्यंत काहीच घडत नाही. किड्याने चावा घेतला, किंवा आपण ते चुरगाळले, की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून तिखट, जळजळणारे मोहरीचे तेल तयार होते. बहुतेक कीटकांना ते विषासारखे असते. पीलूमध्ये या तेलाचा जो प्रकार तयार होतो तो जिवाणूंनाही मारक आहे, आणि मिसवाकच्या गुणाचे एक मोठे कारण तेच मानले जाते.

पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळाने या विषावर तोड काढली आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या सुरवंटावर झालेल्या संशोधनात २००४ साली असे दाखवून दिले गेले की, त्याच्या आतड्यातले एक प्रथिन ही विषाची प्रक्रिया मधेच दुसऱ्या वाटेला वळवते आणि तिखट तेल बनूच देत नाही. त्याच्याही पुष्कळ आधी, १९१० साली, व्हेरशाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहिले होते की, सुरवंट एरवी ज्या पानाला तोंड लावत नाहीत त्याला मोहरीतले हे द्रव्य लावले की ते पान ते खाऊ लागतात. इतरांना पळवून लावणारी चव यांना जेवायला बोलावते. कोलोटिस वंशातल्या बऱ्याच जाती वाघाटीच्या कुळातल्या झुडपांवर अंडी घालतात. आपल्या बांधावरची जात पीलू आणि त्याच्या कुळातल्या मोजक्या झाडांवर. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी ते चाचपते, आणि ती चव पटली तरच अंडी घालते. तिने पर्जन्यमानाचा तक्ता पाहिलेला नसतो. आफ्रिकेत पीलू कोरड्या सॅव्हानात, नदीकाठच्या खारट मातीत वाढतो म्हणून ती तिथे आहे. मुंबईत तो खाडीकाठी वाढतो म्हणून ती मुलुंडच्या बांधावर आहे.

आता प्रश्न उरतो तो पीलूचा. कोरड्या प्रदेशातले झाड आपल्या पावसात आणि भरतीच्या पाण्याशेजारी का रमते? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे आपण सर्वजणी दर उन्हाळ्यात पाहतो. खाऱ्या मातीतल्या मुळांची अवस्था त्या फोडींसारखी असते. भोवती पाणी भरपूर असले तरी मीठ ते आपल्याकडे ओढून धरते, आणि ते मिठाच्या तावडीतून सोडवून घेण्यासाठी झाडाला तितकीच झुंज द्यावी लागते जितकी वाळवंटातल्या झाडाला ओल शोधण्यासाठी द्यावी लागते. खाडीचा बांध डोळ्यांना ओला दिसतो, पण झाडाच्या दृष्टीने तो कोरडा आहे. जाड पाने, खोल मुळे, मीठ पेशींत सामावून घेण्याची ताकद ही जी साधने पीलूला कच्छच्या खाऱ्या जमिनीत जगवतात, तीच इथे उपयोगी पडतात. गोड्या पाण्याच्या, निचऱ्याच्या चांगल्या जमिनीत मात्र भराभर वाढणारी इतर झाडे त्याला सावलीखाली दाबून टाकतात, म्हणून डोंगराकडच्या जंगलात तो आपल्याला भेटत नाही.

वसाहतीच्या बैठकीत त्या झुडपांना रान म्हटले जाईल तेव्हा त्यांचे नाव घ्यावे, एवढीच माझी विनंती. ज्या झाडाला नाव असते ते तोडण्याआधी माणसे एकदा तरी विचारतात.

सोलापूरचा माळरान-अभ्यासक यांचे उत्तर

वरील उत्तर मी दोनदा वाचले. मीठ लावलेल्या कैरीचे उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. एका मुद्द्यावर मात्र मी आदरपूर्वक वेगळे मत मांडतो. खाद्यवनस्पती असली की फुलपाखरू असते, हे अर्धेच उत्तर आहे. सॅव्हाना म्हणजे केवळ कमी पावसाचा प्रदेश, अशी समजूत प्रश्नातही दिसते आणि थोडीफार उत्तरातही. सॅव्हानाची ओळख तिच्या रचनेत आहे: जमिनीवर गवताचा सलग थर, त्यात विखुरलेली झाडे-झुडपे, आणि वरचे छत कधीच न मिटणे, ज्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते. पाऊस बऱ्यापैकी पडणाऱ्या भागांतही सॅव्हाना असतात. फक्त तो थोड्या महिन्यांत पडून जावा लागतो आणि मागे लांबलचक कोरडा काळ उरावा लागतो. या कसोटीवर मुंबईकडे पाहिले तर ऑक्टोबरपासून मेपर्यंतचे आठ महिने तिथे जवळपास कोरडेच असतात. दोन हजार मिलिमीटरचा आकडा आपल्याला दिपवतो आणि हे आठ महिने आपण विसरतो.

फुलपाखराला या उघडेपणाची गरज असते. ते जमिनीलगत उडते, सकाळी पंख उघडून ऊन खाते, आणि अंग पुरेसे तापल्याशिवाय त्याला हालचाल करता येत नाही. ताईंनी नोंद साडेदहाची केली आहे, ती वेळही तेच सांगते. आमच्याकडे मी दाट सावलीतल्या झुडपांवर या वंशातली फुलपाखरे फारशी पाहिलेली नाहीत. तेच झुडूप दहा पावलांवर उन्हात असले तर तिथे ती हमखास असतात. म्हणून बैठकीत ‘झुडपे ठेवू आणि त्यांच्यामध्ये सावलीची झाडे लावू’ असा मधला मार्ग कोणी सुचवला तर तो स्वीकारण्याआधी विचार करावा. तो सगळ्यांना समाधानकारक वाटेल, पण पाच-सात वर्षांत झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडल्या की पीलू उभा राहील आणि फुलपाखरे गेलेली असतील.

या चुकीची किंमत आम्ही माळरानावर मोजतो आहोत. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले, तरी त्याच्या भोवतालच्या गवताळ माळांना शासकीय नकाशांत ‘पडीक जमीन’ याच वर्गात टाकले जात राहिले. आणि पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. ही माळराने जंगल तोडून उरलेली आहेत हा समजही तितकाच खोल रुजलेला आहे. मध्ययुगीन मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख गोळा करून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की, पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही सॅव्हानाच होती. ओव्यांमध्ये बाभूळ, तरवड यांसारखी उघड्या माळावरची झाडे येतात ती उगाच नव्हे. मिठागराचा बांध आणि सोलापूरचा माळ यांच्यात अंतर पुष्कळ आहे, पण दोघांवर येणारे संकट एकाच प्रकारच्या शब्दांतून, इकडे ‘पडीक’ आणि तिकडे ‘रान’, येते, म्हणून इतके लिहिले.

दादरची वनस्पती-अभ्यासक यांचे पुन्हा उत्तर

आपला मुद्दा मला मान्य आहे. झाडाची आवड असल्यामुळे मी सगळे झाडावर घातले. माझ्या पाहण्यातल्या एका पीलूवर शेजारच्या शिरीषाची सावली वाढत गेली आणि त्यावर गेली दोन वर्षे मला एकही अंडे दिसलेले नाही. त्याचे कारण मी पानांच्या वयात शोधत होते. आता त्या फांदीच्या उन्हाचे तास मोजून पाहीन.

बोरिवलीकर यांचा उपप्रश्न

चर्चा वाचून पीलू लावावासा वाटू लागला आहे. माझे घर सातव्या मजल्यावर आहे आणि गॅलरीत पश्चिमेचे ऊन येते. कुंडीत लावल्यास ही फुलपाखरे येतील का?

ठाणे-निरीक्षक यांचे उत्तर

झाड जगेल, फुलपाखरे येण्याची शक्यता फार कमी आहे. सातव्या मजल्यावर लिंबाच्या कुंडीला लाइम बटरफ्लाय येते, कारण ते दूरवर आणि उंच भटकते. हे फुलपाखरू त्या वृत्तीचे नाही. आपल्या झुडपाच्या आसपासच त्याचा वावर असतो. आपल्या गॅलरीत कढीपत्ता आणि लिंबू लावावेत, आणि पीलूची हौस खाडीच्या जवळ, जमिनीवर जागा असलेल्या एखाद्या शाळेच्या किंवा वसाहतीच्या आवारात पुरवावी. रोपासाठी खारफुटीत शिरून मुळाचे फुटवे मात्र उपटू नयेत; उन्हाळ्यात पिकलेली लालसर फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात, त्यांतली खाली पडलेली चार उचलली तरी बी मिळते.

कांजूरचा खाडीकाठवासी यांचे उत्तर

मी शास्त्राचा अभ्यासक नाही, परंतु बैठकीला उपयोगी पडेल असा एक अनुभव आणि कायद्याची थोडी माहिती देतो. आमच्याकडेही असाच बांध होता आणि त्यावर पीलूची झुडपे होती, फक्त त्यांचे नाव आम्हा कोणाला माहीत नव्हते. चार वर्षांपूर्वी पावसाळ्याआधीच्या साफसफाईत कंत्राटदाराच्या माणसांनी एका दुपारात ती जमिनीलगत छाटली. त्या आधी दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी तिथे ‘गुलाबी फुलपाखरे’ मोजायला जायची. पुढच्या दिवाळीत ती वही घेऊन गेली आणि रिकाम्या पानासह परत आली. सुदैवाने त्यांनी मुळे खणली नव्हती. बुंध्यांतून नवे फुटवे आले, दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते कमरेइतके झाले, आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये तिला पुन्हा तीन फुलपाखरे दिसली. म्हणजे छाटणी एक वेळ परवडते, मुळासकट काढणे परवडत नाही. छाटायचीच झाली तर सगळी एकदम छाटू नयेत; एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी दोन, अशी पाळी ठेवावी, म्हणजे अंडी घालायला जागा शिल्लक राहते.

कायद्याविषयी सांगायचे तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि नंतर २०१८ च्या निकालाने खारफुटी तोडण्यावर बंदी आहे, आणि तिच्या भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करण्यावर व राडारोडा टाकण्यावरही निर्बंध आहेत. पीलू स्वतः खारफुटी नसला तरी आपला बांध तिवरांना लागून असल्याने तो या पट्ट्यातच येणार. शिवाय १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते. बैठकीत आधी फुलपाखरांविषयी बोलावे आणि कायदा शेवटी काढावा असे मी सुचवेन. आमच्याकडे मी उलट केले आणि पहिल्या पाच मिनिटांतच लोक दुखावले गेले.

मुलुंडवासी यांचा पुन्हा मजकूर, पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. मी वास घेतला, मोहरीच होती. पाने समोरासमोर आणि जाड आहेत. सहाही झुडपे पीलूची आहेत.

त्यानंतर मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास बांधावर गेले. चौथ्या दिवशी एका पांढऱ्या मादीला कोवळ्या पानावर उतरताना पाहिले. ती पोट वाकवून त्याच पानावर बराच वेळ बसून राहिली आणि उडाल्यावर तिथे उभी, निमुळती, फिकट पिवळी अशी एकोणीस अंडी एकमेकांना खेटून ठेवलेली दिसली. माझ्याकडे घड्याळ दुरुस्तीचे जुने भिंग आहे, त्यातून अंड्यांवरच्या उभ्या रेषाही दिसल्या. चौथ्या सकाळी अंड्यांची टरफले रिकामी होती आणि सुरवंट पानाच्या कडेला एका रांगेत, खांद्याला खांदा लावून खात होते. आठवडाभर ते तसेच एकत्र होते. मोठे झाल्यावर पांगले. त्यांपैकी बहुतेक मला पुन्हा सापडले नाहीत. मुंग्यांची ये-जा त्या फांदीवर सतत चालू होती. दोघांना मात्र मी शेवटपर्यंत पाहू शकले. एकाने पानाच्या खाली, कमरेला रेशमाचा एकच धागा बांधून, पुढे टोकदार असा हिरवट कोष केला, आणि अंडी घातल्यापासून पंचविसाव्या दिवशी सकाळी नऊच्या आधी तो कोष उघडला. बाहेर आलेली मादी गुलाबी होती. आई पांढरी आणि मुलगी गुलाबी, हे ठाणे-निरीक्षकांनी आधी सांगितले नसते तर मी माझ्याच नोंदीवर अविश्वास दाखवला असता.

बैठक गेल्या शनिवारी झाली. मी भाषण केले नाही. एक पान सगळ्यांच्या हातात फिरवले आणि चुरगाळून वास घ्यायला सांगितले. आमच्या सचिवांच्या आई कच्छच्या आहेत. त्यांनी वास घेताच ‘हे तर पीलू’ असे म्हटले आणि लहानपणी त्याची फळे खाल्ल्याचे सांगितले, त्यानंतर माझे काम फार उरले नाही. झुडपे मुळासकट काढायची नाहीत असे ठरले. वाटेत येणाऱ्या दोन झुडपांच्या फांद्या छाटल्या जातील, त्याही एक यंदा आणि एक पुढच्या वर्षी. अशोकाची बारा रोपे आधीच आणून ठेवली होती. सोलापूरच्या सरांचे म्हणणे मी वाचून दाखवल्यावर ती बांधाऐवजी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला लावायचे मान्य झाले, जिथून त्यांची सावली दुपारनंतरही झुडपांवर येणार नाही. ती तशी येत नाही ना, हे पाहण्यासाठी मी बांधावर तीन ठिकाणी खुणेचे दगड ठेवले आहेत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथले उन्हाचे तास लिहून ठेवणार आहे. काल सकाळी दहा ते अकरा या वेळात सहा झुडपांवर मिळून चौदा फुलपाखरे होती, त्यांत पाच पांढरी.